चेक परत, माइकवरून कळवले

"एक चेक परत आलाय," सबनीस साहेब माइकवर म्हणाले.

आरतीची वेळ. दिल्लीच्या आर. के. पुरममधला मराठी मंडळाचा हॉल भरलेला. माझी बायको, सुमन, हातात आरतीचं ताट घेऊन गणपतीसमोर उभी. ताटात निरांजन पेटलेलं. मी तिच्या शेजारी, नव्या शर्टात. शर्टाच्या कॉलरमधली टाचणी काढायची राहिली होती, ती मानेला टोचत होती.

मग साहेबांनी, म्हणजे मंडळाच्या कोषाध्यक्षांनी, नाव वाचलं. माझं. आडनावासकट. आडनावावर जरा थांबून.

"रुपये पाचशे एक. पुरेशी शिल्लक नाही, असा बँकेचा शेरा आहे." त्यांनी चेक वर धरून सगळ्यांना दाखवला. "काय आहे, यांना आत्ता कुठं चेकबुक मिळालंय. सवय व्हायला दोन पिढ्या जातील." हॉल हसला. साहेबांना बरं वाटलं. "हरकत नाही. विसर्जनाला हलगी वाजवून वसूल करून घेऊ."

हॉल परत हसला. जास्त.

सबनीसबाई पुढे आल्या. बाकी सगळ्यांच्या बायकांना त्या वहिनी म्हणायच्या. म्हणाल्या, "आण इकडे, सुमन." आणि तिच्या हातातून ताट घेतलं. निरांजन विझलं नाही. अगदी सावकाश, काळजीपूर्वक घेतलं त्यांनी.

मी काय केलं?

मी हसलो. सगळ्यांबरोबर. दात दाखवून.

आता ही फजिती नीट सांगायची तर तीन महिने मागं जायला पाहिजे. फजिती सांगण्यात माझा हातखंडा आहे. तोच तर नडला.

मी मंत्रालयात क्लार्क. लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टर. आम्ही मांग. आजा हलगी वाजवायचा, बापही वाजवायचा. लग्नात लोकांच्या दारात वाजवायची आणि पंगत उठल्यावर उरलेलं जेवायचं. मी शिकलो, परीक्षा दिली, दिल्लीला आलो. येताना बापाची हलगी आणली. मराठी मंडळात नवीन असताना सगळे गप्पा मारायचे, कुणाचे काका न्यायाधीश, कुणाचे आजोबा प्राचार्य. माझ्याकडे काय होतं? मी हलगीचे किस्से सांगितले. बाप एकदा वरातीत नाचणाऱ्या घोड्याला घाबरून कसा विहिरीत पडला, हलगी डोक्यावर धरून. लोक पोट धरून हसले. मला वाटलं, मी यांच्यातला झालो. दरवर्षी विसर्जनाला मी हलगी वाजवू लागलो. दरवर्षी मंडळाचा हिशेबही मीच लिहू लागलो, कारण माझं अक्षर चांगलं. वाजवायला मी, लिहायला मी. व्यासपीठावर बसायला ते.

तर चेकबुक.

तोवर आमचा पगार रोखीत असायचा. महिन्याच्या शेवटी कॅशियरपुढे रांग. मग एक दिवस ऑफिसच्या कँटीनमध्ये टाय लावलेला पोरगा आला. नवी बँक. गुडगावला काचेची इमारत. म्हणाला, "सर, पगार सीधा खाते में। और खाते में पैसा न हो, तो भी चेक पास। पाँच हजार तक।"

मी विचारलं, "पैसा न हो तो भी?"

"ओव्हरड्राफ्ट है सर। आप जैसे सरकारी आदमी के लिए।"

आप जैसे. एवढं ऐकलं आणि मी सही केली. सात ठिकाणी. खालची बारीक अक्षरं वाचली नाहीत. आयुष्यभर खिडकीवर येणाऱ्या माणसाला 'नियम वाचून या' म्हणणारा मी.

आणि मग माझ्या डोक्यानं जो हिशेब केला तो असा : खात्यात पगार, अधिक पाच हजार. पाच हजार माझेच. बँकेनं मला पाहिलं आणि दिले.

खिशात चेकबुक आलं आणि मी सुटलो. दूधवाल्याला चेक. किराण्याला चेक. इस्त्रीवाल्याला एकोणीस रुपयांचा चेक. नेताजी नगरच्या न्हाव्याला बारा रुपयांचा चेक दिला तेव्हा तो कात्री हातात धरून बघतच राहिला.

"बाबूजी, बाल काटने का भी चेक?"

"आदत डालो," मी म्हणालो.

त्यानं तो आठवडाभर आरशाला चिकटवून ठेवला, येणाऱ्या गिऱ्हाइकांना दाखवला आणि मग बँकेत भरला.

सुमन म्हणायची, "अहो, कुठंतरी लिहून तरी ठेवा." मी म्हणायचो, "डोक्यात आहे." डोक्यात खरंच होतं. गणपतीच्या आठवड्यात माझ्या हिशेबानं पाच हजारातले पाचशे साठ शिल्लक होते. मंडळाची रीत अशी, की जो पाचशे एक देईल त्या जोडप्याला एका संध्याकाळी आरतीचा मान. सहा वर्षं मी त्या पावत्या लिहिल्या होत्या, दुसऱ्यांच्या. सुमन सहा वर्षं मागच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवायची. पाचशे साठमधून पाचशे एक गेले तर एकोणसाठ उरतात. मी चेक फाडला. सुमननं साडी घेतली. लेकीनं शाळेत सांगितलं.

पुढचं तुम्ही वाचलंच.

त्या रात्री घरी येताना बसमध्ये लेक म्हणाली, "पप्पा, सब लोग हँस क्यों रहे थे?" तिचं मराठी अर्धं दिल्लीनं खाल्लंय. माझ्या तोंडावर किस्सा तयार होता. घोडा, विहीर असलं काहीतरी जोडून मी तिलाही हसवलं असतं.

सुमन खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ताट त्यांनी घेतलं, त्याचं मला काही नाही. तुम्ही हसलात."

बस्स. एवढंच बोलली. माझ्या मानेत ती टाचणी तशीच होती.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि धौला कुआंहून गुडगावची बस धरली. वाटेत दोन्ही बाजूंना नव्या इमारतींचे सांगाडे, मोठमोठे फलक, त्यांवर गोरी गोरी कुटुंबं हिरवळीवर बसलेली. बँकेत थंडगार. काउंटरवरच्या मुलीनं माझ्या खात्याचा कागद छापून दिला आणि पेनानं खुणा केल्या.

"सर, बैलेंस ज़ीरो के नीचे था। उसके बाद जितने चेक आए, हर चेक पर पचास रुपये।"

"हर चेक पर?"

"ग्यारह चेक। साढ़े पाँच सौ। फॉर्म में लिखा है।"

लिहिलं होतं. सातव्या सहीच्या खाली, मुंगीच्या पायांनी.

पाचशे साठमधून पाचशे पन्नास गेले. उरले दहा. दहा रुपयांवर मी मंडळाला पाचशे एकचा चेक दिला होता. त्या परत आलेल्या चेकचे आणखी शंभर कापले. बारा रुपयांची हजामत मला बासष्टला पडली होती. एकोणीसची इस्त्री एकोणसत्तरला. आणि न्हाव्याला मी म्हणालो होतो, आदत डालो.

मला हसू आलं. तिथंच, काउंटरवर. ती मुलगी घाबरली. पाणी दिलं. मग हळूच म्हणाली, "सर, आपने चेक लिखकर नहीं रखे? हिसाब रखना नहीं आता?"

ती चिडवत नव्हती. खरंच विचारत होती.

मी म्हणालो, "आता है। दूसरों का रखता हूँ।"

आणि हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तसं काहीतरी आत लागलं. दुसऱ्यांचा ठेवतो. मंडळाची वही. सहा वर्षांची. माझ्याच घरी, माझ्याच कपाटात.

तिथंच बसून अर्ज लिहिला. दोन प्रतींत. ओव्हरड्राफ्टची सोय बंद करावी. मुलगी म्हणाली, आधी खातं शून्यावर आणा, मग बंद होईल. मी म्हणालो, आणीन, पण आजच्या तारखेची पोच द्या. तिनं शिक्का मारला. क्लार्काला दुसरं काही जमो न जमो, पोच घेतल्याशिवाय तो खिडकी सोडत नाही.

घरी येऊन वही काढली. शोधायला वेळ लागला नाही. माझंच अक्षर.

पाचव्या वर्षीची नोंद. मंडळाच्या उपाध्यक्षांचा चेक. 'परत. पुरेशी शिल्लक नाही. दूरध्वनीवरून कळवले. बदली चेक मिळाला.' फोन मीच केला होता, ऑफिसातून, आवाज खाली ठेवून. साहेब, जरा चुकून झालं असेल.

चौथ्या वर्षी एका डॉक्टरांचा. 'परत. दूरध्वनीवरून कळवले.'

आणि तिसऱ्या वर्षी, एक हजार एक. कोषाध्यक्ष, श्री. सबनीस. 'परत. पुरेशी शिल्लक नाही. समक्ष कळवले.' समक्ष म्हणजे मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो होतो. त्यांनी दार लावून घेतलं होतं. म्हणाले होते, "अरे, पगार उशिरा जमा झाला. बोलू नकोस कुठं." आणि मी बोललो नव्हतो. घोड्याचा किस्सा सांगणारा मी, हा किस्सा पोटात ठेवून बसलो होतो. सुमनलाही सांगितला नव्हता.

चार चेक परत आले. तिघांना हळू आवाज. एकाला माइक.

मग बँकेची काय चूक? बँकेनं सगळ्यांचे पैसे सारखेच कापले असतील. पैसे संपतात तेव्हा सगळ्यांचेच संपतात. दोन पिढ्यांची गोष्ट फक्त माझ्याच चेकला लागली.

वही सुमनपुढे ठेवली. तिनं बोट ठेवून तिन्ही ओळी वाचल्या. उठली, शिवणयंत्राच्या खणातून साड्यांच्या फॉल-पिकोचे पैसे काढले, मोजून पाचशे एक ठेवले. "रोख द्या. पावती आणा," म्हणाली. "आणि या खेपेला हसू नका."

विसर्जनाच्या सकाळी हॉलबाहेर ट्रक उभा. गुलाल. पोरांच्या डोक्याला फडकी. सबनीस साहेब पायरीवर, रेशमी कुर्त्यात.

"अरे! हलगी कुठाय?"

"घरी आहे, साहेब. भिंतीवर."

"वाजवणार कोण मग?"

"मी नाही."

आजूबाजूची माणसं थांबली. मी पैसे पुढे केले. "पाचशे एक. पावती द्या." त्यांनी दिली, कानाचा मोबाइल खांद्यानं सावरत, माझ्याकडे न बघता. मग मी पिशवीतून वही काढली, जिन्याच्या कठड्यावर ठेवली आणि त्यांच्यासमोर नोंद लिहिली. अक्षर चांगलं काढलं. 'चेक परत. पुरेशी शिल्लक नाही. माइकवरून कळवले. रोख रक्कम मिळाली.'

"इथं सही करा."

"हे काय?"

"नोंद आहे साहेब. कसं कळवलं ते लिहायची रीत आहे आपल्याकडे. मागच्या तीन नोंदींतही लिहिलंय. बघता?" मी पान उलटायला लागलो.

त्यांनी वहीवर हात ठेवला. जोरात. त्यांच्या हाताला गुलाल होता, पानावर उमटला.

"एवढं काय मनाला लावून घेतोस? गंमत केली रे. तू स्वतःच नाही का सगळ्यांना हसवत?"

"माझ्यावर गंमत मी करतो, साहेब. ती तुमची नाही."

हे वाक्य मी बसमध्ये पाठ केलेलं नव्हतं. पाठ केलेलं दुसरंच होतं, जास्त लांब, तीन मुद्द्यांचं. ते विसरलो. शर्टाला घामाचा नकाशा. पण हसलो नाही. तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत आलं होतं, सवयीनं. गिळलं.

साहेब ट्रककडे निघून गेले. सही केली नाही. त्या वर्षी गणपती यमुनेपर्यंत कॅसेटवर गेला. मध्ये एकदा टेप अडकली म्हणे. मी तिथं नव्हतो.

खातं शून्यावर आणायला मला चार महिने लागले. न्हाव्याला रोख. दूधवाल्याला रोख. चेक फाडायचा तर आधी चेकबुकात मागं राहणाऱ्या भागावर रक्कम, नाव, शिल्लक, मग चेक. पगार झाला की पाचशे बाजूला, त्यांना हात नाही, काही झालं तरी. न्हावी म्हणतो, बाबूजी, वो चेक वाला शौक ख़त्म? मी म्हणतो, महँगा पड़ता था. तो किस्सा मी सगळ्यांना सांगतो, अजून सांगतो, लोक हसतात. हसू देत. बासष्ट रुपयांची हजामत हसण्यासारखीच आहे.

पण वही मी परत दिलेली नाही.

नव्या कमिटीनं दोनदा मागितली. मी सांगितलं, एक नोंद अपुरी आहे, पूर्ण झाली की देतो. वार्षिक सभेत दरवर्षी उभा राहतो आणि तीच ओळ वाचतो, एवढीच, बाकीच्या तीन नाही. त्या तिघांनी आपापली ओळ वाचली जाण्याची वाट बघत बसावं.

सबनीस साहेब निवृत्त झाले, नोएडाला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. दरवर्षी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन तिथं जातो. फाटकावर गार्ड, टेबल, रजिस्टर. पहिल्या वर्षी वर जाऊ दिलं. बाई म्हणाल्या, घरी नाहीत. दारात त्यांचे बूट होते, आत टीव्हीवर बातम्या. मला चहा दिला. प्यालो नाही. दुसऱ्या वर्षी गार्डनं इंटरकॉमवर विचारलं आणि मान हलवली. तिसऱ्या वर्षीही.

जाऊ दिलं नाही तरी रजिस्टर भरून घेतात. नाव, आडनावासकट, मी ठळक लिहितो. पत्ता. वेळ. शेवटच्या रकान्यात काय काम ते लिहायचं असतं.

गार्ड विचारतो, "किस काम से?"

"साइन लेनी है।"

तिन्ही वर्षी रकान्यात मी एकच शब्द लिहिला : सही. चांगल्या अक्षरात. यंदा विसर्जन रविवारी आहे. सोमवारची रजा टाकलीय.