दुकानाबाहेरचा फळा

फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला की नव्वदच्या दशकातलं मिरजगावचं एक शेती औषधांचं दुकान आठवतं. मी दुकानदारांना विचारलं होतं, "फवारलेलं कडवळ गाईला कधी घालायचं?" ते म्हणाले, "ताई, मला ठाव न्हाई. इचारून सांगतो, तवर घालू नका." दुसऱ्या दिवशी एसटीनं कर्जतला जाऊन त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं आणि माझा प्रश्न आणि 'फवारणीनंतर ठरलेले दिवस सरल्याशिवाय घालू नका' हे उत्तर दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहिलं. बाजारादिवशी तो वाचून एक म्हातारे, "आरं देवा, कापून ठिवलंय की!" म्हणत सायकलवरून घराकडे सुटले. पुढच्या बाजाराला येऊन म्हणाले, "गाय वाचली. आता माझा बी एक प्रश्न लिवा." आज मी माझ्या दुकानाच्या वेबसाइटवर गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची उत्तरं लिहिते, ती त्या दुकानदारांचं बघूनच.