कार्ड बदलले, फोन तोच

शिरूरच्या एसटी स्थानकासमोरून जाताना ती घटना मला अजून आठवते. पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला मोठमोठे खून आणि दरोडे आठवावेत, अशी लोकांची अपेक्षा असते. मला मात्र ज्यात खून झालाच नाही असे हे एक प्रकरण आठवते. तो होणार होता, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. संबंधित माणसे याच भागात राहतात, म्हणून नावे लिहीत नाही.

मी तेव्हा शिरूरला नेमणुकीस होतो. सकाळची हजेरी संपली होती, रात्रपाळीची मंडळी डबे उचलून घरी निघाली होती. तेवढ्यात एका बाईंचा फोन आला. बाजार समितीच्या मागच्या अंगाला त्यांचे घर आहे आणि वरच्या खोल्या त्या कंपनीत काम करणाऱ्या मुलींना भाड्याने देतात. त्यांचे म्हणणे असे, की समोर मोटारसायकल लावून एक माणूस संध्याकाळी उभा राहतो, कुणाशी बोलत नाही आणि नुसता वर बघत बसतो. असले बरेच फोन शेजाऱ्यांच्या भांडणातून येतात. पण या बाईंनी गाडीचा नंबर टिपून ठेवला होता आणि तो न विचारता सांगितला. खोड्या काढणारी माणसे एवढे कष्ट घेत नाहीत. मी महिला हवालदारांना पाठवले.

त्या एका तरुण विवाहितेला घेऊन आल्या. मुलगी केंदूरची, दिली होती यवतजवळच्या एका मळ्यात. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती घर सोडून निघाली होती. आधी माहेरी राहिली, तिथे तो येऊन दारात उभा राहिला. मग एका नातेवाइकाकडे गेली, तिथेही आला. शेवटी कुणाला पत्ता न लावता शिरूरला खोली घेतली आणि कंपनीत पॅकिंगच्या कामाला लागली. फोनचे कार्ड मोडून टाकले, नवे घेतले. नवा नंबर आणि खोलीचा पत्ता तिने एकाच माणसाला सांगितला होता, सख्ख्या भावाला. तरीही नवरा आला. रस्त्यात गाडी आडवी घालून म्हणाला होता, "कुठंबी जा. तू कुठं हाय ते मला घरबसल्या कळतंय."

जबाब लिहून झाल्यावर ती उठली नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "साहेब, माझ्या भावाला बोलवा. मला त्याला इचारायचा धीर हुईना."

नवऱ्याच्या माराबद्दल सांगताना ती रडली नव्हती. हे वाक्य बोलताना रडली.

नवऱ्यावर पाठलाग आणि धमकीचा गुन्हा दाखल केला. त्याचा नेहमीचा नंबर बंद होता आणि तो घरीही सापडत नव्हता. भावाच्या फोनचे कॉल तपशील मागवले. त्यात भाऊ आणि तिचा नवरा यांच्यात वारंवार बोलणे झालेले दिसले, आणि प्रत्येक वेळी फोन भावानेच केलेला. आता आणखी काय हवे होते? दोघे लग्नाआधीपासूनचे मित्र, सोयरीकही भावानेच जुळवलेली. अशा ठिकाणी बहिणीपेक्षा मैत्री आणि गावातली अब्रू जड होते, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

भावाला चौकशीला बोलावले. डाळिंबाच्या बागेतली फवारणी अर्धी टाकून तसाच आला होता, अंगाला औषधाचा वास येत होता. त्याचा फोन मी माझ्या टेबलावर ठेवून घेतला आणि विचारायला सुरुवात केली. फोन का केले, काय बोलणे झाले, पत्ता कधी सांगितला. तो खाली मान घालून बसला. चौकशीत गप्प बसणारा माणूस बहुतेक वेळा काहीतरी लपवत असतो, हे खरे. पण तो गुन्हाच लपवतो असे नाही. बऱ्याचदा तो स्वतःचा कमीपणा लपवतो.

चहा मागवला. तो तसाच निवत राहिला. शेवटी त्याने तोंड उघडले.

"मीच फोन करीत व्हतो, व्हय. हात जोडीत व्हतो त्याला. तिला परत घे म्हणून न्हाई, तिला सोड म्हणून. तो हसायचा. हे आमच्या आक्काला कसं सांगू? तिला वाटंल, भाऊबी त्याला भितो."

मी पुढचा प्रश्न विचारणार, तोच माझा फोन वाजला. त्या घरमालकीण बाई होत्या, दौंडहून बोलत होत्या. त्यांच्या बहिणीच्या नातवाचे बारसे होते. मुलगी खोलीत एकटी घाबरत बसेल, म्हणून ऐन वेळी तिलाही त्यांनी सोबत एसटीत बसवले होते. दौंडच्या स्टँडवर उतरल्या, तर नवरा समोर उभा. त्याने हिचा हात धरला. बाईंनी आरडाओरडा केला, माणसे धावली, तसा तो गाडीवर बसून पसार झाला.

मी टेबलाकडे पाहिले. भावाचा फोन माझ्यासमोर पडला होता. भाऊ माझ्यासमोर बसला होता. बहीण दौंडला गेली, हे त्याला माझ्या तोंडून कळले. तो ताडकन उभा राहिला आणि निघायलाच लागला, त्याला धरून बसवावे लागले.

भाऊ सुटला, पण प्रश्न तिथेच राहिला. मुलीला दौंडला न्यायचे बाईंनी सकाळी ठरवले, बाहेर कुणाला सांगितले नाही. मग मुलीबरोबर दौंडपर्यंत गेले कोण? बाई, आणि मुलीच्या पिशवीतला तिचा फोन.

संध्याकाळी दोघी परतल्यावर मी मुलीला विचारले, कार्ड बदलले, पण फोन कोणता? ती म्हणाली, फोन तोच. कार्ड बदलल्यावर सगळेच बदलते ना? तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. आपल्याकडे घरात भांडण झाले, कुणी त्रास द्यायला लागले, की सगळ्यांचा पहिला सल्ला एकच, "कार्ड बदल." कार्ड हातात धरता येते, मोडून फेकता येते, त्यामुळे माणसाला मोकळे वाटते. फोन ज्या खात्यावर चालतो ते खाते मात्र कुणाला दिसत नाही, म्हणून ते कुणी बदलत नाही.

आम्ही पुण्याच्या सायबर शाखेला विचारून तिच्या फोनमधले ते खाते उघडले. हे खाते कोणकोणत्या उपकरणांवर सुरू आहे, हे त्यात दिसते. एक तिच्या हातातला फोन होता. त्याखाली आणखी एक फोन होता, जुन्या मॉडेलचा, त्याच दिवशी वापरलेला.

तिने स्क्रीनवर बोट ठेवले. "ह्यो तर माझाच जुना. आत्यांकडं हाय."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. मग उलगडा होत गेला. दिवाळीत हिला नवा फोन आला, तेव्हा जुना सासूकडे गेला, ही आता घरोघरची रीत झाली आहे. लग्नाचे फोटो त्यात होते, सासूला ते बघायची हौस, म्हणून हिने आपले खाते त्यावर तसेच ठेवले. सासूबाई फोन रानात कुठेही विसरायच्या. तेव्हा एका फोनवरून दुसरा कसा शोधायचा, नकाशात तो कुठे दिसतो, त्याला वाजवायचे कसे, हे हिनेच त्यांना शेजारी बसवून शिकवले होते. नवरा बाजूला जेवत बसलेला असायचा.

तिच्या फोनवर मधूनमधून इंग्रजीत काहीतरी सूचना येई. कंपनीची जाहिरात असेल, असे समजून ती बोटाने सरकवून टाकायची. ती सूचना एवढीच सांगत होती, की तुमचा फोन आत्ता कुणीतरी शोधला.

तिचा अंगठा लगेच तो जुना फोन काढून टाकायला निघाला. मी थांबवले. आधी पंचांसमक्ष स्क्रीनचे फोटो घेतले, पंचनामा केला. मग दुसऱ्या दिवशी तिची परवानगी घेऊन तिला ठाण्यातच महिला कक्षात बसवले, आणि तिचा फोन साध्या वेशातल्या हवालदार बाईंबरोबर एसटी स्थानकावर पाठवला.

दुपार कलताना तो आला. गाडी बाहेर लावून फलाटावरच्या बायकांचे चेहरे निरखत फिरू लागला. सापडेना, तेव्हा हवालदार बाईंपासून हातभर अंतरावर उभा राहून त्याने फोन लावला.

"आई, परत बघ. शिरूरच्या स्टँडातच दावतंय का?"

तिथेच त्याला ताब्यात घेतले. गाडीला लावलेल्या पिशवीत गोणपाटात गुंडाळलेला कोयता होता. ऊस तोडायचा आहे, म्हणाला. मी म्हणालो, रान यवतला आणि कोयता शिरूरच्या स्टँडवर कशाला? कोयत्याला नवी धार लावलेली होती. नोकरीत हत्यारे पुष्कळ पाहिली, पण आदल्या दिवशी दौंडला ती मुलगी याच पिशवीपासून किती जवळ उभी होती, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. हे मी त्या वेळी कुणाला बोललो नाही.

जुना फोन जप्त करायला आम्ही स्थानिक पोलिसांना घेऊन मळ्यात गेलो. सासूबाई ओट्यावर घेवडा निवडत होत्या. फोन शेजारीच होता. त्यांनी काही लपवले नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या, गावांची नावे वाचता येत होती. मुलगा विचारायचा तेव्हा त्या नकाशात बघून सांगायच्या.

"घरी आनायची हाय म्हणायचा. मला बी वाटायचं, ईल माघारी. त्यानं न्हाई इचारलं तरी मी बघायची. कामावरनं खोलीवर पोचली का, तेवढंच."

मी त्यांना कोयत्याचे सांगितले. हातातली शेंग त्यांनी सुपात ठेवली. फोन पाकिटात घालून लाखेची मोहोर केली, पंचांच्या सह्या झाल्या. आम्ही निघालो, तेव्हा त्यांनी विचारले, "आता ती कुठं हाय, ते हितनं कुणालाच दिसायचं न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं," म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या.

पुढे दोषारोपपत्र गेले, खटला उभा राहिला. सासूबाईंनी स्वतःच्या मुलाविरुद्ध साक्ष दिली. ते इथे वाढवत नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. आमच्या खात्यात बदली झाली, की चार्ज द्यावा लागतो. कपाटाच्या चाव्या, हत्यार, मुद्देमाल, सगळे समोरच्याच्या ताब्यात देऊन सही केल्याशिवाय सुटका नसते. जुना अधिकारी चावी खिशात घालून निघून गेला, तर ठाणे कुणाच्या हाती, असा प्रश्न पडेल. घरातला फोन मात्र हातोहात फिरतो. सुनेचा सासूकडे, थोरल्याचा धाकट्याकडे, आणि चावी सगळ्यांकडे राहते. त्यात वाईट हेतू नसतो, बहुतेक वेळा माया असते. म्हणून आता कुणी जुना फोन कुणाला दिला असे कानावर आले, की मी विचारतो, त्यातून तुमचे खाते काढले का? घरातले हसतात. हसू द्या. अधूनमधून आपल्या खात्यात डोकावून बघावे, अनोळखी फोन दिसला तर काढावा, आणि ओळखीचा दिसला तर जास्त विचार करावा.

एक सांगायचे राहिले. आम्ही यवतहून परतल्यावर त्या मुलीने आमच्यासमोर जुना फोन आपल्या खात्यातून काढला आणि पासवर्ड बदलला. फोटोंचे काय, एवढेच तिने विचारले. फोटो तुझ्याकडेच राहतील, असे सांगितल्यावर तिने बटण दाबले. मग हवालदार बाईंच्या लक्षात आले, की पासवर्ड विसरल्यास ज्या नंबरवर खात्री केली जाते, तो नंबर अजून नवऱ्याचाच होता. त्यांनी तो पुसला आणि विचारले, इथे आता कुणाचा टाकायचा? भरवशाचा सांग.

भाऊ दाराबाहेर बाकड्यावर बसला होता. त्याच्या चौकशीच्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. त्याच्यावर संशय तिनेच घेतला होता, आणि हे त्याला माहीत होते.

तिने फोनमध्ये न बघता एक नंबर सांगितला. एकेक आकडा सावकाश, बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. खात्री करण्यासाठी त्या नंबरवर लगेच संदेश गेला, आणि बाकड्यावर बसलेल्या त्या माणसाच्या खिशात फोन वाजला. त्याने तो काढला, डोळे पुसले आणि दारात येऊन आकडे वाचून दाखवू लागला. पहिल्यांदा त्याला ते नीट वाचता आले नाहीत.