आज्याचं मदाफू

सौदीत थुवालमध्ये विद्यापीठाच्या फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फळांचं एक दुकान आहे. तिथे गेली अकरा वर्षं हाशम शहाळी सोलतो. जयगडच्या खाडीकाठचा माणूस, वय पंचावन्न. आधी बुरैद्याच्या खजूर बाजारात पेट्या उचलायचा. पाठीनेच खलास म्हटल्यावर कफिलाने, म्हणजे त्याच्या सौदी मालकाने, त्याला इथे आणून बसवलं. शहाळं हातात आलं की तो ते कानाशी धरून हलवतो. आवाज नाही आला तर पाणी काठोकाठ. डुचमळलं तर बाजूला, त्याचा नारळ व्हायला लागलाय.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी, असरच्या नमाजानंतर, उमामा आली. ती केनियाची. विद्यापीठात प्रवाळांचा अभ्यास करते, आणि आठवड्यातून दोनदा तरी हाशमकडे येते. दोघांचं बोलणं मोडक्या अरबीतून चालतं. त्या दिवशी गाडीत तिची आई होती. मक्केला उमऱ्याला आलेली, ऐंशीच्या पुढची.

"वडील गेले त्याला सहा महिने झाले," उमामा हळूच म्हणाली. "मामा तेव्हापासून बोलतच नाही. खाणंही चिमणीएवढं."

आईला ही मामा म्हणते याची हाशमला जरा गंमत वाटली. त्याने एक चांगलं शहाळं निवडलं आणि कोयत्याच्या तीन घावांत त्याचं तोंड उघडलं. तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. म्हातारी काठी टेकत टेकत आली, दुसऱ्या एका शहाळ्यावर तिने तळहात ठेवला आणि म्हणाली, "मदाफू."

उमामाने आईकडे पाहिलं. आणि हाशमचा कोयता हातातल्या हातात राहिला.

हा शब्द त्याच्या घरातला होता. त्याचा आजा गलबतावर खलाशी होता. घरी आला की झाडावरचं शहाळं दाखवून "मदाफू काढ" म्हणायचा, म्हणून सगळं घर मदाफू म्हणायचं. हाशम शाळेत तसं म्हणाला तेव्हा वर्ग हसला, मास्तरांनी फळ्यावर 'शहाळे' लिहून दहा वेळा घोटवून घेतलं. तेव्हापासून त्याची खात्री होती की तो म्हाताऱ्याने मनानेच बनवलेला शब्द आहे. आजा जाऊन चाळीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत हा शब्द त्याने कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"खाला, परत म्हणा," तो म्हणाला.

"मदाफू. एक असेल तर दाफू."

"आमच्या किनाऱ्यावरचा शब्द आहे, स्वाहिली," उमामाने सांगितलं. "आता तर इंग्रजी शब्दकोशातही आहे."

हाशम खाली स्टुलावर बसला. "माझ्या आज्याला सहीसुद्धा येत नव्हती," तो म्हणाला.

मग त्याला आणखी एक आठवलं. आजा नारळ मोजायला बसला की म्हणायचा, मोजा, बिली, तातू. पोरांना वाटे, तो मोजायलाच सांगतोय. हाशमने एक शहाळं पुढे सरकवलं. "मोजा," तो म्हणाला.

म्हातारीने दुसरं सरकवलं. "म्बिली."

"तातू."

असं करत दोघं दहापर्यंत गेली. दहाव्याला कुमी म्हणताना म्हातारीला हसू आलं, आणि उमामा तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. दहा आकडे हाशमच्या तोंडात पन्नास वर्षं पडून होते आणि ते आकडे आहेत हेच त्याला माहीत नव्हतं.

रात्री त्याने गावी फुफीला फोन लावला. आज्याची ती एकटीच लेक उरली होती. "बाबाचे ते वेडे शब्द?" ती म्हणाली. "थांब, आठवते." आठवून आठवून तिने सात शब्द सांगितले. हाशमने ते शहाळ्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतले.

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी रोज यायला लागली. आधी मदाफू प्यायची, मग आतली कोवळी मलई खायची, मग शब्दांची तपासणी. पाच शब्द तिने ओळखले. पोलेपोले म्हणजे सावकाश. आजा हे बैलाला सांगायचा. एक शब्द आपल्याकडचा नाहीच, म्हणाली. सातवा ऐकून तिने ओढणी तोंडावर घेतली आणि अर्थ सांगायला साफ नकार दिला.

"आजा हा कोंबड्यांना म्हणायचा," हाशम म्हणाला.

"कोंबड्यांनाच म्हणत जा," उमामाने आईचं उत्तर त्याला सांगितलं.

एकदा धीर करून त्याने विचारलं, "खाला, आमच्या बाजूचे खलाशी तुम्ही पाहिलेत का?"

केनियातल्या लामू बेटावर तिच्या बापाची नारळीची बाग होती. ती लहान असताना मोठ्या पोटाची गलबतं कौलं भरून यायची. खलाशी बागेत येऊन मदाफू प्यायचे आणि रिकामी करवंटी तिच्या डोक्यावर टोपीसारखी ठेवायचे.

"त्यांत जयगडचा कुणी?"

"सगळ्यांनाच दाढी होती," म्हातारी म्हणाली.

हाशमने तिच्यासाठी आणखी एक शहाळं फोडलं. एवढंही त्याला पेलत नव्हतं.

तीन आठवड्यांनी म्हातारी परत गेली. जाताना तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ स्वाहिलीत बोलली. उमामाने ते अरबीत सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात उमामा एकटीच आली. आई आता जेवते आणि शेजारणींशी भांडतेसुद्धा, म्हणाली.

हाशमने तिला मोबाइलवर नकाशा उघडायला लावला. जयगड कुठे, लामू कुठे. मध्ये सगळं निळं, एक ठिपका नाही. तो स्वतः इथे विमानाने आला होता, सगळी वाट डोळे मिटून.

"इंजिन नसताना कसे जायचे गं?"

"वाऱ्यावर. हिवाळ्यात वारा तुमच्याकडून आमच्याकडे वाहतो. मग तो फिरतो आणि परत आणतो."

आजा दिवाळी झाली की निघायचा आणि मृगाच्या आधी घरी यायचा. घरात सगळे म्हणत, म्हातारा लहरी आहे, वाटेल तेव्हा उठून जातो. हाशमने नकाशावर बोट ठेवून ते निळ्यातून सावकाश सरकवलं. दारात गिऱ्हाईक येऊन उभं होतं, तरी तो उठला नाही. आधी लामूला पोचला.