न पडलेलं झाड

मोहगावजवळ झाड पडून रस्ता बंद झालाय, असं मी ताईला सांगितलं होतं. ते खोटं होतं. ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही, बायकोलाही नाही.

नाताळच्या सुट्ट्या होत्या. मी शिकवतो ती शाळा बंद. पांढुर्ण्याला ऐन थंडीत पाऊस लागला होता, आणि वारा असा की समोरच्या घरावरचे टिन दिवसभर कुणीतरी थोपटत बसल्यासारखे वाजत. मंडीतले संत्र्याचे ढीग ताडपत्रीखाली, स्टँडवर सुट्टीला निघालेल्यांची ओली गर्दी. मला सकाळच्या गाडीने सौसर आणि तिथून रामाकोना गाठायचं होतं.

ताई रामाकोन्याला दिलेली. तिच्या सासरी आजही सून माहेरी निघाली की माहेरचं माणूस घ्यायला यावं लागतं. एरवी ती स्कूटीवर सगळा बाजार करते, पण माहेरची वाट एकटीने नाही. बाबा आमची नावं विसरत चालले होते, म्हणून तिला आठ दिवस आणायचं ठरलं होतं.

सकाळी उठलो, मोजे घातले, आणि पुन्हा गोधडीत शिरलो. पाचच मिनिटं म्हणून. खिडकीबाहेर सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं धूसर हलत होतं. फोनने जाग आली.

"काय गा, निघाला का नाही? मी बॅग भरून बसून राहिली."

"रस्ता बंद आहे वो ताई. मोहगावजवळ झाड पडलं."

"काल तं नव्हतं पडलं."

"आज पडलं ना."

"साखरेचा हायेस का तू? भिजला तं विरघळशील?"

मागून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. पाण्यापावसात एकटी पाठवली तं लोकं आम्हालेच नावं ठेवतीन."

"उद्या येतो," मी म्हणालो.

आणि त्याच दिवशी बाबा परत आले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. चहा घेऊन गेलो तर ते उठून बसले होते. "पोरगी आली का?" त्यांनी विचारलं, आणि तिचं लहानपणचं नाव घेतलं, जे मीसुद्धा विसरलो होतो. जाम नदीच्या पुलावरून सायकलच्या दांडीवर बसून जाताना ती घंटी सोडायची नाही. संत्र्याची साल स्वतःच्याच डोळ्यात पिळायची अन् म्हणायची, बाबांनी पिळली. पावसाच्या लयीत, हळू आवाजात, ते दोन दिवस असेच बोलत राहिले. मी उशाशी बसून ऐकत होतो. जागा होतो की झोपेत, कळत नव्हतं.

फोन खिशात होता. बाबांच्या तोंडाशी धरला असता तरी पुरे होतं. नाही धरला. खोटं उघडं पडेल ही भीती होतीच, पण त्याहून वाईट एक गोष्ट होती. त्यांना आंघोळ मी घालत होतो, घास मी भरवत होतो, आणि आठवत होती ती. निदान ऐकणारा तरी मी एकटा असू दे, असं वाटलं. दुसऱ्या दिवशीही मी तिला सांगितलं, झाड अजून तिथंच आहे.

तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. तिला घेऊन निघालो. मोहगाव आलं तशी ती खिडकीतून दोन्ही बाजूंना पाहत होती. "लवकर उचललं रे," एवढंच म्हणाली.

घरी बाबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला विचारलं, "ह्या बाई कोण हायेत?"

ते पुन्हा तसे बोलले नाहीत. उन्हाळ्यात गेले. तेरवीच्या दिवशी भांडी पुसता पुसता ताई म्हणाली, "मले तं ते कधीचेच विसरले होते, नाही का रे?"

मी मान हलवली. हो म्हणून.

आजही ती तेच धरून आहे. बाबांचे ते दोन दिवस तिचे होते. ते मी तिला देणं लागतो, आणि अजून दिलेले नाहीत.