आईच्या केसाचा गळ

वर्ल्डकप कतारला मिळाल्याची बातमी आली, त्याच हिवाळ्यात मालविका नाशिकहून नवी नवरी होऊन दोह्याला आली. तिच्या नवऱ्याला, देवव्रतला, स्टेडियमच्या कामावर घेतलं आणि तेव्हापासून तो घरी कमी, साइटवर जास्त. अझीझियातल्या फ्लॅटच्या खिडकीतून क्रेन बघत तिनं संसार केला, मुलगी वाढवली, शेजारणींचे ब्लाउज शिवले. आणि इथं आलेली प्रत्येक बाई करते ती तक्रारही केली: मेलं इथलं पाणी, डोक्यावर केस राहू देत नाही!

आता स्पर्धा तोंडावर आली होती आणि मालविकेच्या जिवाला घोर होता तो वडिलांचा. वर्षापूर्वी आई गेली आणि अनंतराव गप्पच झाले. उभा जन्म गंगापूर धरणावर गळ टाकून बसलेला माणूस, पाण्याचं नाव काढेना. धड जेवेना की बोलेना. तिनं हट्टानं दोह्याला आणलं खरं, पण स्पर्धेपायी नोव्हेंबरपासून व्हिजिट व्हिसा बंद होणार होते. म्हणजे पुन्हा ते रिकामं घर, आणि एकटे बाबा. जाण्याआधी त्यांनी एकदा तरी गळ टाकावा, म्हणजे माणूस जगेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

गळ बांधायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. लहानपणी ती गळाचा बाक चिमटीत धरायची आणि बाबा गाठ मारायचे. कटला मासा महालबाड! आमिष तोंडात ओढतो आणि संशय आला की थुंकतो. म्हणून गळापाशी नायलॉनचा तंगूस जाड नि ताठ हवा, थुंकला तरी गळ ओठात अडकतो. आणि आमिष गळात खोचायचं नाही, मागं लोंबणाऱ्या केसात ओवायचं. केस म्हणजे खरोखरचा केस, आईचा. मऊ, माशाला पत्ताही लागत नाही. बाबा कात्री घेऊन मागं उभे राहिले की आई फणकारायची, “माशांपायी टकली करा मला!” आणि वेणी सोडून बसायची.

शुक्रवारी मालविका बाबांना समैस्माच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. स्वतः बांधलेला गळ तिनं त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा चढवून पाहिला.

“तंगूस बरा आहे. पण हा दोरा आहे.”

“रेशमाचा आहे, बाबा. पक्का.”

“पक्का कशाला हवा? मऊ हवा.” त्यांनी गळ परत केला आणि हातातली दांडी वाळूत ठेवून दिली.

मालविकेचं डोकंच फिरलं. “मग काय करू? आई कुठून आणू?”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. अनंतरावांनी चष्म्याचं घर उघडलं. आतल्या फडक्याखालून एक गळ काढला. ताठ तंगूस, आणि मागं केस. पांढरा.

“शेवटचा,” ते म्हणाले. मालविका नको म्हणेपर्यंत त्यांनी तो दांडीच्या दोरीला बांधला, कोळंबी ओवली आणि गळ पाण्यात भिरकावलासुद्धा.

थोड्या वेळानं दोरीला हिसका बसला. त्यांनी दांडी उचलली, ओढून घेतलं. गळ नुसता आला. ना मासा, ना कोळंबी, ना केस.

“खलास,” अनंतराव म्हणाले. इथल्या अरबीतला हा एक शब्द तेवढा त्यांना आधीपासून येत होता.

मालविकेला रडूच फुटलं. “कशाला टाकलात हो? जपून ठेवायचा ना!”

“ठेवायला नव्हता दिला तिनं. टाकायला दिला होता.” त्यांनी रिकामा गळ मांडीवर ठेवला. मग खिशातून छोटी कात्री काढली. “इकडे ये. पाठ कर.”

त्यांनी तिचा अंबाडा सोडला, बोटांनी चाचपून एक लांब केस निवडला.

“बाबा, आधीच गळतायत हो! माशांपायी टकली करा मला!”

दोघंही एकदम थांबले. आणि अनंतराव हसले, अगदी खदखदून. चष्मा काढून डोळे पुसले, तरी हसतच होते.

“बाक धर,” ते म्हणाले.

तिनं गळाचा बाक चिमटीत धरला आणि बाबा गाठ मारायला लागले.