खोकला घराबाहेर जाऊ नये म्हणून

वसमतच्या त्या गल्लीत अनुसूयाबाईंच्या सोवळ्याची दहशत होती. बाई तशी मायाळू, दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही. पण स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायची कुणाची टाप नव्हती. नवरा विश्वंभर गुरुजी गल्लीच्या टोकाच्या दत्तमंदिराचे पुजारी. ‘देवाला माझं सोवळं चालतं, हिला नाही चालत,’ असं ते स्वतःच हसत हसत सांगायचे.

संध्याकाळी दिवे लागले की गल्लीतली लेकरं बाईंच्या पुढच्या खोलीत जमायची. शुभंकरोती, पाढे, दोन-तीन स्तोत्रं, मग हातावर साखरफुटाणे. समोरच्या शिलाची दीक्षा सगळ्यांत पुढे बसायची. आवाज खणखणीत, आणि पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायची खोड. बाईंना मुलगी नव्हती. त्या पोरीवर त्यांचा फार जीव.

दिवाळी सरली आणि स्वानंद मुंबईहून घरी आला. एकुलता एक मुलगा, कुरिअरच्या गोदामात नोकरीला, पाच-सहा जणांत मिळून एक खोली. गेला तेव्हा अंगानं भरलेला होता, आला तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. सोबत गोळ्यांचं पाकीट होतं. टीबी आहे, गोळ्या चालू आहेत, बरा होईन, असं त्यानं बॅग खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं. बाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

त्या रडल्या, पण थोडा वेळच. मग पदर खोचला. आजार घरात शिरला होता, आणि शिवाशिवीतून काय पसरतं हे त्यांच्याइतकं गल्लीत कुणाला कळत होतं? स्वानंदचं ताट वेगळं, वाटी वेगळी, तांब्या वेगळा. भांडी उकळत्या पाण्यातून निघायची, मग राखेनं घासली जायची, मग पुन्हा उकळत्या पाण्यातून. टॉवेलाला दोरी वेगळी. त्याची खाट पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात टाकून जुन्या लुगड्याचा पडदा लावला. आयुष्यभराचं सोवळं एकदाचं कामाला आलं, असं त्यांना वाटलं. बिचारीला तसं वाटणारच.

राहिला खोकला. तो काही राखेनं घासता येत नव्हता. गल्ली अशी अरुंद की इकडे फोडणी पडली तर तिकडे ठसका लागायचा. लोकांना कळलं तर गुरुजींच्या हातचं तीर्थ कोण घेणार? गुरुजी एवढंच म्हणाले, “बरा होईल दोन-चार महिन्यांत. बोभाटा काहून करायचा?” म्हणून बाईंनी गल्लीकडच्या दोन्ही खिडक्या लावून घेतल्या. कुणी विचारलंच तर थंडीचं नाव होतं.

आणि वर्ग? तो बंद केला असता तर गल्लीनं पहिलं काय विचारलं असतं, हे सांगायला नको. वर्ग चालू राहिला. लेकरांना सांगितलं, दादा रात्रपाळीचं काम करून आलाय, पडद्यामागे झोपलाय. पडद्यामागून खोकल्याची उबळ येतेय असं वाटलं की बाई टाळी वाजवायच्या, “मोठ्यानं म्हणा रे! देवाला ऐकू गेलं पाहिजे!” आणि बंद खोलीत लेकरं छाती भरभरून श्वास घ्यायची आणि जोरानं म्हणायची. सगळ्यांत मोठा आवाज दीक्षाचा.

स्वानंद एकही गोळी चुकवत नव्हता, पण अंग काही धरत नव्हता. संक्रांतीच्या सुमारास थुंकीत रक्त दिसलं. मग सरकारी दवाखान्यात थुंकी मशीनवर तपासली, आणि निघालं ते निराळंच. हा टीबी त्या गोळ्यांना जुमानणाराच नव्हता. औषधाला न बधणारे जंतू होते, आणि ते त्याला मुंबईतून तसेच्या तसे आयते लागले होते. नवी औषधं सुरू झाली. रोज मूठभर, तोंडाची चव पार मारणारी.

चार दिवसांनी क्षयरोग विभागाची मंजुषा घरी आली. तरणीताठी, स्कूटीवरून गावभर फिरणारी, बोलण्यात घाई. खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या तिनं पुढे होऊन दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

“काकू, एवढं कोंडून काहून घेतलं? हवा खेळू द्या.”

बाईंनी तिला वेगळं ताट दाखवलं, वेगळा तांब्या दाखवला, उकळत्या पाण्याचं सांगितलं. शाबासकीच हवी होती त्यांना.

मंजुषा हसली. “ताट-वाटीनं काही होत नाही हो. जेवा एका भांड्यात. हा हवेतून जातो. खोकला, बोलणं, बंद खोली. लेकरांना तर लवकर धरतो. तुमच्या दोघांच्या छातीचे फोटो स्वच्छ आलेत, नशीब समजा.” मग मोबाईलवर बोट फिरवत सहज विचारलं, “अजून कोण येऊन बसतं का खोलीत?”

ओठांवर आलेली नावं बाईंनी गिळली.

“कोण येणार? आमी तिघंच.”

मंजुषा गेली. खिडक्या उघड्याच राहिल्या, पण बाईंना त्या खोलीत श्वास घेववेना. त्याच संध्याकाळी वर्ग बंद केला. गुडघे धरलेत, बसवत नाही, असं सांगितलं. लेकरं हिरमुसली, मग उड्या मारत पळाली. दीक्षा तेवढी दारात रेंगाळली. “काकू, मी गुडघ्यांना तेल लावून देऊ?” बाईंनी मान फिरवली.

त्या दिवसापासून बाईंचे कान त्यांचे राहिले नाहीत. समोरच्या घरात कुणी नुसतं खाकरलं तरी हातातलं काम थांबायचं. हा दीक्षाचा का? सर्दीचा का? हळदीच्या धुळीनंही खोकतात लेकरं, सध्या घरोघर हळद शिजतेय, वाळतेय. पण धुळीचा खोकला असा कोरडा असतो, आणि हा… त्या दाराच्या फटीतून पाहत राहायच्या. पोरगी शाळेत जाताना वाळली का? दप्तर ओढतेय का? देवापुढे बसल्या तरी तेच. सोवळ्यात असून त्यांना आपण स्वच्छ आहोत असं वाटेना. गुरुजींशी बोलायला गेल्या तर गुरुजी पोथीत डोकं घालायचे. तीर्थ देताना त्यांचीही पळी अलीकडे सांडत असे, पण तोंडाला कुलूप.

दीक्षा दोन दिवस शाळेत गेली नाही. ताप आहे, असं शिला नळावर कुणाला तरी सांगत होती. बाई तशाच घरात आल्या आणि खांबाला टेकून बसल्या.

स्वानंद तोंडाला मास्क लावून खिडकीशी बसला होता. आईकडे न बघता म्हणाला, “तू मंजुषाताईला तिघंच म्हणालीस.”

बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

“आमच्या खोलीत एक जण होता. सतत खोकायचा. आमी विचारलं की म्हणायचा ॲलर्जी आहे. माझ्या शेजारीच झोपायचा. चांगला पोरगा होता गं, मला डबा आणून द्यायचा. भीती वाटत असणार त्याला, खोलीतून काढतील म्हणून.” बोलता बोलता त्याला धाप लागली. “पण त्यानं एक शब्द जरी सांगितला असता ना, आई…”

बाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो मुंबईचा पोरगा कोण, कुठला, त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण आपल्या पोराला हा आजार देणाऱ्याला इतके दिवस मनातल्या मनात शिव्याशाप घालत होत्या. आता घालवेनात.

त्या उठल्या. नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडल्या. चार पावलांत गल्ली ओलांडली. शिला ओसरीवर सुपात हळकुंडं निवडत बसली होती. आत दीक्षा गोधडी पांघरून पडलेली दिसत होती.

“शिला,” बाई उभ्यानंच म्हणाल्या. बसल्या असत्या तर शब्द निघाले नसते. “स्वानंदला टीबी आहे. साध्या गोळ्यांना दाद न देणारा. दिवाळीपासून खोकतोय. लेकरं त्याच खोलीत बसत होती, आणि खिडक्या मीच लावल्या होत्या. दीक्षाला उद्याच तपासायला ने. सगळ्याच लेकरांना न्यायला पाहिजे. मी मंजुषाला सगळ्यांची नावं सांगते. तू मला काय बोलायचं ते बोल.”

शिलाचा हात सुपात थांबला. आता ही ओरडेल, गल्ली गोळा करेल, म्हणून बाईंनी डोळे मिटून घेतले. पण शिला ओरडली नाही. तिनं हातातलं हळकुंड सुपात ठेवलं.

“खोकला आमाला कवाचाच ऐकू येत व्हता, काकू,” ती हळू आवाजात म्हणाली. “खिडक्या लावल्यानं काय व्हतंय? समदी गल्ली ऐकून राहिली व्हती. दीक्षाचा बाप म्हनायचा, पोरीला धाडू नको. मीच भांडले त्याच्याशी.” तिनं वर पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज अगदी साधा होता. “म्हनलं, तसलं काही असतं तर काकूनं आपली लेकरं बसवलीच नसती.”