हिरो चालत नाही

महाबळेश्वरला लोक स्ट्रॉबेरी आणायला जातात. आम्ही घोडा आणायला गेलो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ नंदू. त्याचं वय चौतीस. जन्मापासून त्याची डावी बाजू आखडलेली आहे आणि गोष्टी समजायला त्याला जरा वेळ लागतो. मतं मात्र झटपट तयार होतात. आई गेल्यापासून नाशिकच्या आमच्या सोसायटीचं फाटक त्याने ओलांडलं नव्हतं. मी समजावणं, आमिष, ओरडा असं सगळं क्रमाने करून पाहिलं. शेवटी मैत्रीण कामी आली. शुभांगी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली जिल्ह्यात कुंडलजवळ ती अशा लोकांना घोड्यावर बसवून व्यायाम देते. घोडा चालला की वर बसलेल्याची कंबर आपोआप चालल्यासारखी हलते आणि आखडलेले स्नायू सुटतात. तिचे घोडेही कुणीतरी टाकून दिलेलेच. तिने महाबळेश्वरच्या एका म्हाताऱ्या पांढऱ्या घोड्याचा फोटो पाठवला आणि लिहिलं, ‘याला आणायचंय. तू नीट आणशील.’

नंदूने फोटो पाहिला आणि म्हणाला, “मी याच्यावर बसणार.”

त्याच संध्याकाळी मी बॅगा भरल्या.

घोड्याचं नाव हिरो. तळ्याकाठी पर्यटकांना फिरवण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याच्या मालकाने आम्हाला त्याचे गुण सांगितले. “पळत न्हाई आता ह्यो. पन स्वभाव लय गरीब. ल्हान पोर बसवा, म्हातारं बसवा, हलायचा न्हाई.” मग जरा थांबून म्हणाला, “न्हाई जमलं तर आठ दिसांत परत आना. वीटभट्टीवाला थांबलाय.”

टेम्पो वाईच्या रफीकभाईंचा. पसरणीचा घाट उतरताना हिरो मान बाहेर काढून हवा खात होता. प्रत्येक थांब्यावर उतरून मी त्याचा फोटो काढून शुभांगीला पाठवत होते, म्हणजे माल सुखरूप येतोय हे तिला कळावं. हिरो दर वेळी मान किंचित डावीकडे वळवायचा, कान उभे करायचा आणि माझं होईपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा.

“ताई,” रफीकभाई म्हणाले, “माझ्या लग्नाच्या अल्बमात मी एवढा सरळ उभा न्हाई.”

कऱ्हाडजवळ ढाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी घेतली. मसूर इतका झणझणीत की मी ताक तीनदा मागवलं. नंदू केबिनमधून उतरला नाही. त्याची थाळी वर गेली. ढाब्यावरची निम्मी गिऱ्हाइकं हिरोबरोबर सेल्फी काढत होती. त्यानेही कुणाला नाराज केलं नाही.

उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत आम्ही दुपारी पोचलो. शुभांगीच्या केंद्रात घोड्यांचं सगळं तात्या पाहतात. ते सैन्याच्या घोडदळातले निवृत्त दफेदार. त्यांनी हिरोचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवर थाप मारली. “गडी ठणठणीत हाय. उद्या कामावर.”

सकाळी नंदू घोड्यासाठी म्हणून खोलीबाहेर आला. ओट्यावरून त्याला हिरोवर चढवलं. डोक्यावर हेल्मेट, दोन्ही बाजूंना आधाराला माणसं, लगाम तात्यांच्या हातात. पहिल्या दिवसापासूनची बैठक ताडून पाहता यावी म्हणून शुभांगी प्रत्येकाचं चित्रण करते. तिने मोबाइल वर धरला. घरच्यांसाठी म्हणून मीही धरला.

हिरो चार पावलं गेला आणि थांबला.

तात्यांनी चुचकारलं, गूळ दाखवला, लष्करी आवाज काढला. हिरो मान डावीकडे करून उभा. पुढचं पाऊल पडेल तेव्हा हुकायला नको म्हणून आम्ही दोघी मोबाइल तसेच धरून राहिलो. शेवटी आमचे हात दुखले आणि नंदूला उतरवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तात्यांनी नाल बदलून घेतले. मग पोट धरलं असेल म्हणून ओवा दिला. मग दृष्ट काढली. मी विचारलं, “तात्या, सैन्यात घोड्यांची दृष्ट काढतात?”

“सैन्यात घोडं चालतंय, ताई.”

शुभांगीने तिची नेहमीची घोडी पुढे केली. नंदूने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “ही नाही. तो.” आणि तो खोलीत जाऊन बसला. शुभांगीकडे चारच घोड्यांपुरती जागा होती आणि चौथा आत्ताच कडबा (ज्वारीची वाळलेली ताटं) फुकट खात होता. सातव्या दिवशी तिने रफीकभाईंना फोन केला. उद्या न्यायला या.

त्याच सकाळी शेवटचा प्रयत्न म्हणून सगळे पुन्हा जमलो. नंदू ओट्यावर उभा होता, हेल्मेट घालून. तात्या आधी रिकामाच घोडा फिरवून बघत होते. तो अर्थातच थांबला होता. चांगला कोन मिळावा म्हणून मी मागे सरकले आणि माझा मोबाइल पाण्याच्या हौदात पडला. मी बाही वर करून हात घातला. शुभांगी स्वतःचा मोबाइल खिशात टाकून स्वयंपाकघराकडे पळाली, तांदळाचा डबा आणायला.

मागून टापा ऐकू आल्या. हिरो चालत होता. पूर्ण फेरी, डौलात.

“ओवा लागू पडला,” तात्या म्हणाले.

“रेकॉर्ड करा,” मी ओरडले. परत आलेल्या शुभांगीने डबा खाली ठेवून मोबाइल काढला. हिरो थांबला. मान डावीकडे. कान उभे.

सगळे आधी घोड्याकडे आणि मग मोबाइलकडे बघत राहिले. पहिला नंदू हसला. “फोटो काढून घेतोय!”

तात्यांनी भिंतीवरचा तोबरा (घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी) उतरवला आणि सगळ्यांचे मोबाइल त्यात जमा केले. स्वतःचा आधी टाकला.

नंदू हिरोवर बसला. पहिल्या फेरीत डोळे मिटलेले, दोन्ही मुठी आवळलेल्या. दुसऱ्या फेरीत डोळे उघडले. कितव्या तरी फेरीला डावी मूठ सैल होऊन मांडीवर पडली. मग फाटकासमोर आल्यावर तो म्हणाला, “तात्या, बाहेर चला.”

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन फाटक उघडलं.

उसातून जाणाऱ्या रस्त्याला आम्ही सगळे लागलो. समोरून ट्रॅक्टर आला. पांढऱ्या घोड्यावर हेल्मेटवाला माणूस बघून चालकाने मोबाइल वर केला आणि हिरो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला.

“आवं तात्या, घोडं बाजूला घ्या की,” चालक म्हणाला.

नंदूने वरून बोट दाखवलं. “फोन खिशात ठेव. घोडा कामावर आहे.”

त्याने मुकाट्याने ठेवला. घोडा चालू लागला.

रफीकभाई दुसऱ्या दिवशी आले. घोड्याऐवजी त्यांनी आम्हाला कऱ्हाडच्या स्टँडवर सोडलं.

माझा मोबाइल तांदळात राहूनही वाचला नाही. घाटातले, ढाब्यावरचे माझे सगळे फोटो गेले; शुभांगीकडे उरले ते फक्त उभ्या घोड्याचे. फाटकाबाहेरचा नंदूचा घोड्यावरचा एकमेव फोटो कुंडलच्या कुठल्यातरी ट्रॅक्टरवाल्याकडे असेल, तोही बहुधा हललेला. इतक्या व्यवस्थित आखलेल्या प्रवासाचा माझ्याकडे एकही पुरावा नाही.

सोसायटीच्या फाटकातच शेजारच्या काकू भेटल्या. “अगं, नंदू घोड्यावर बसला म्हणे? फोटो दाखव ना.”

मी सांगायला सुरुवात करणार, तेवढ्यात नंदू मध्ये पडला.

“पुढच्या महिन्यात आम्ही परत जाणार आहोत. तुम्ही चला. फोन घरी ठेवा.”